परमुलखातील वकीलपत्र

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, ही म्हण आपल्याकडे इतक्या पिढ्या बोलली गेली आहे की तिच्याकडे उलटून पाहण्याची गरज कोणास वाटत नाही. तथापि ती बहुधा दिवाणी दाव्यांच्या अनुभवातून जन्मली असावी. शेताचा बांध, भाऊबंदकीची वाटणी, सावकाराचे खत, अशा भांडणांत कोर्टात जावे की घरीच मिटवावे हे ठरविण्याची थोडीबहुत मुभा माणसाला असते आणि म्हणून त्याच्या शहाणपणाला तेथे वाव असतो. फौजदारी प्रकरणात ही मुभा राहत नाही. तेथे आरोपी पायरी आपण होऊन चढत नाही. पोलिसांचा हात दंडाला लागला की ती आपोआप पायाखाली येते. शहाणा आणि वेडा या दोघांची स्थिती तेथे सारखीच होते, आणि दोघांपुढेही पहिला प्रश्न एकच उभा राहतो : आता वकील कोणता द्यावा?

बदलीच्या हुकमाबरोबर बिऱ्हाड उचलून महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या आपल्यासारख्या नोकरदारांना हा प्रश्न अधिकच जड जातो. आपण सज्जन आहोत, आपल्यावर असा प्रसंग येणारच नाही, या समजुतीत फारसा अर्थ नाही. कार्यालयाची जीप एखाद्या सायकलस्वाराला धडकते. भांडारातील साहित्य मोजताना तूट निघते. कंत्राटदाराचे बिल खोटे ठरते आणि त्यावर सही आपली असते. अशा वेळी दोष असो वा नसो, माणूस आरोपी होतो. मग दोन दिशांनी दोन सल्ले येतात. पुण्याहून किंवा नागपूरहून भाऊ-मेहुणे कळवितात की आपलाच एक चांगला वकील पाठवितो, परक्यांवर विसंबू नका. कार्यालयातला जुना हेडक्लार्क हळूच सुचवितो की बाहेरचा वकील आणून काही व्हायचे नाही. येथलाच धरा, आणि तोही असा धरा की ज्याचे न्यायाधीशांकडे जाणेयेणे आहे.

दोन्ही सल्ले व्यवहाराचे वाटतात. परंतु त्यांच्या पोटात एक नैतिक प्रश्न दडलेला आहे. वकिलाच्या हाती फी ठेवताना आपण त्याच्याकडून नेमके काय घेत असतो? त्याचे ज्ञान, की त्याची ओळख? या प्रश्नाचे जे उत्तर माणूस कृतीने देतो त्यावरून त्याला स्वतःच्या निर्दोषपणाविषयी काय वाटते आणि ज्या मुलखाचे अन्न तो खातो त्या मुलखाविषयी काय वाटते, हे दोन्ही कळून येते.

प्रथम कायद्याची बाजू थोडक्यात पाहू. संविधानाच्या २२ व्या अनुच्छेदाने अटक झालेल्या प्रत्येक माणसाला आपल्या पसंतीच्या वकिलाचा सल्ला घेण्याचा आणि त्याच्याकरवी बचाव करण्याचा हक्क दिला आहे. त्याच अनुच्छेदाप्रमाणे, प्रवासाचा वेळ वगळून चोवीस तासांच्या आत त्याला दंडाधिकाऱ्यांपुढे उभे करावे लागते. केंद्र सरकारच्या नोकराच्या डोक्यावर याखेरीज आणखी एक घड्याळ टिकटिकत असते. नागरी सेवांसाठी असलेल्या १९६५ च्या वर्गीकरण, नियंत्रण व अपील नियमांपैकी दहाव्या नियमानुसार, ४८ तासांहून अधिक काळ कोठडीत राहिलेला नोकर कोठडीच्या पहिल्या दिवसापासून निलंबित झाल्याचे मानले जाते. त्यासाठी गुन्हा शाबित व्हावा लागत नाही, दोषारोपपत्रही यावे लागत नाही. म्हणजे सारा कस पहिल्या दोन दिवसांत लागतो, आणि दिब्रुगडच्या किंवा मदुराईच्या न्यायालयात त्या दोन दिवसांत उभा राहू शकेल असा वकील बहुधा दिब्रुगडचा किंवा मदुराईचाच असणार.

पुढे बाहेरचा वकील आणण्यास कायद्याची आडकाठी नाही. १९६१ च्या अधिवक्ता अधिनियमाचे ३० वे कलम पन्नास वर्षे कागदावरच होते. १५ जून २०११ पासून ते अमलात आले आणि कोणत्याही राज्याच्या सूचीवरील वकिलाला देशभर वकिली करण्याचा हक्क मिळाला. असे असूनही, बाहेरच्या वकिलाने स्थानिक वकिलाला सोबत घेऊनच उभे राहावे, असा अलाहाबाद उच्च न्यायालयाचा नियम आहे, आणि २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो वैध ठरविला. न्यायालयापुढील उत्तरदायित्व कोणाच्या तरी ठाऊक असलेल्या खांद्यावर असावे, हा त्यामागील हेतू. तेव्हा स्थानिक वकील हवा, हे म्हणणे केवळ हेडक्लार्कचे नाही. व्यवस्थेलाही ते थोडेफार मान्य आहे. वाद आहे तो कशासाठी हवा, याचा.

स्थानिक माणसाच्या ज्ञानाची थोरवी परक्या माणसाला सहसा कळत नाही, कारण जे आपल्याला ठाऊक नाही ते ठाऊक नाही हेही आपल्याला ठाऊक नसते. समजा, गुवाहाटीत एखाद्या मराठी अभियंत्यावर मारहाणीचा आरोप आहे आणि साक्षीदार सांगतो की डिसेंबर महिन्यात संध्याकाळी पाच वाजता शंभर पावलांवरून मी यांना स्पष्ट ओळखले. मुंबईच्या वकिलाला या विधानात काही वावगे दिसणार नाही. मुंबईत त्या दिवसांत सूर्य सहाच्या सुमारास मावळतो आणि पाच वाजता चांगला उजेड असतो. गुवाहाटीच्या वकिलाला मात्र हे विधान ऐकताच थांबावेसे वाटेल. घड्याळ साऱ्या देशाचे एक असले तरी सूर्य एक वेळ पाळत नाही. तेथे डिसेंबरात तो साडेचारच्या सुमारासच मावळतो. उलटतपासणीतील निर्णायक प्रश्न मोठ्या ग्रंथांतून येतो असे नाही; अनेकदा तो त्या गावात घालवलेल्या हिवाळ्यांतून येतो. आठवड्याचा बाजार कोणत्या दिवशी भरतो, नदी चढली म्हणजे कोणता रस्ता बंद होतो, कोणत्या दोन घराण्यांत जुने वैर आहे, पंचनाम्यावर सही करणारा पंच तोच तो नेहमीचा माणूस आहे काय, हे सारे याच जातीचे ज्ञान होय.

भाषेची गोष्ट तर याहून नाजूक. उत्तरेकडे असलेले आपण मराठी लोक हिंदी येते असे धरून चालतो, आणि बाजारापुरती ती येतेही. पण न्यायालयात शब्द बाजारभावाने चालत नाहीत. आपला 'राजीनामा' म्हणजे नोकरी सोडल्याचे पत्र. हिंदी मुलखातील कचेरीत 'राजीनामा' म्हणजे दोन्ही पक्षांनी आपसांत केलेली तडजोड. निलंबित झालेल्या मराठी अधिकाऱ्याला तेथील कारकुनाने सद्‌हेतूने 'राजीनामा कर लीजिए' असे म्हटले तर त्याच्या काळजाचा ठोका चुकेल, आणि रागाच्या भरात तो मिटणारे प्रकरण वाढवूनही बसेल. आपल्याकडे 'चेष्टा' म्हणजे थट्टा. हिंदीत आणि बंगालीत 'चेष्टा' म्हणजे प्रयत्न. पोलिसांच्या कागदात 'चोरी की चेष्टा' असे लिहिलेले वाचून ज्याला हसू येईल त्याने आपल्यावरील आरोप वाचलेलाच नाही. आणि आपली 'शिक्षा' तर हिंदीत विद्येच्या घरी नांदते! हे तीन शब्द तरी निदान ओळखीचे दिसतात. तमिळ, कन्नड किंवा मलयाळम् मुलखात तीही सोय नाही. साक्ष परक्या भाषेत झाली तर ती आरोपीला समजेल अशा भाषेत सांगावी, असे फौजदारी प्रक्रियेचा कायदा म्हणतो. परंतु सांगितलेला अर्थ आणि बोललेला शब्द यांच्या मधल्या जागेतच पुष्कळदा माणसाचे भवितव्य अडकलेले असते.

महाराष्ट्राला ही गोष्ट फार पूर्वी आणि फार महागात शिकावी लागली आहे. लोकमान्य टिळकांवर १८९७ मध्ये राजद्रोहाचा पहिला खटला झाला तेव्हा बंगालमधील मित्रांनी वर्गणी जमवून कलकत्त्याहून बॅरिस्टर पाठविले. एका प्रांताने दुसऱ्या प्रांताच्या आरोपीसाठी दाखविलेली ही आत्मीयता आपल्या सार्वजनिक जीवनातील एक उदात्त गोष्ट आहे. परंतु खटला होता 'केसरी'तील मराठी मजकुरावर, आणि ज्यूरीतील नवांपैकी सहा जण युरोपीय होते. त्या सहांनी दोषी म्हटले, तिघा हिंदी पंचांनी निर्दोष म्हटले, आणि टिळकांना अठरा महिन्यांची शिक्षा झाली. कलकत्त्याच्या नामांकित बॅरिस्टरालाही मराठी शब्दाची धग भाषांतरातूनच जाणवू शकत होती. १९०८ च्या दुसऱ्या खटल्यात टिळकांनी आपला बचाव स्वतःच केला. एकवीस तासांहून अधिक चाललेल्या आपल्या भाषणाचा मोठा भाग त्यांनी सरकारी भाषांतरातील चुका दाखविण्यात खर्च केला. मराठीत हा शब्द कोणत्या अर्थाने येतो, त्याची छटा कोणती, हे मराठी न जाणणाऱ्या पंचांना समजावून सांगण्याची पाळी त्यांच्यावर आली होती. आपल्याच मुंबईत, आपल्याच भाषेतील लेखांसाठी ते परके आरोपी ठरले होते.

त्याच खटल्याची आणखी एक बाजू हेडक्लार्कच्या सल्ल्याला लागू पडते. १९०८ मध्ये न्यायासनावर होते न्यायमूर्ती दिनशा दावर. हेच दावर १८९७ मध्ये टिळकांचे वकील होते आणि त्यांनीच टिळकांना जामीन मिळवून दिला होता. इतकी जुनी आणि इतकी जवळची ओळख क्वचितच एखाद्या आरोपीची न्यायाधीशाशी असेल. तिचा उपयोग काय झाला? सहा वर्षांच्या हद्दपारीची शिक्षा, मंडालेचा तुरुंग. दावरांच्या निकालाविषयी कोणाचे काहीही मत असो, ओळखीच्या भरवशावर न्यायालयात जाणाऱ्याने ही हकीकत विसरू नये.

आता ज्याला आपण व्यवहारात 'वजन' म्हणतो त्याकडे वळू. येथे कोणी म्हणेल की ज्ञान आणि वजन यांची अशी काटेकोर फाळणी करता येत नाही. अमुक न्यायाधीशांना लांबलचक युक्तिवाद आवडत नाही, तमुक न्यायालयात जामिनाचे अर्ज दुपारनंतर निघतात, हे ठाऊक असणे म्हणजे ज्ञान की ओळख? शंका योग्य आहे. परंतु सीमारेषा पुसट असली म्हणजे ती नसतेच असे नाही. एक साधी कसोटी लावून पाहावी : वकील आपल्यासाठी जे करणार आहे ते विरुद्ध पक्षाच्या देखत, उघड्या न्यायालयात करता येईल काय? थोडक्यात बोलणे हे उघड्यावर करता येते. सूर्यास्ताची वेळ उघड्यावर विचारता येते. न्यायाधीशांच्या बंगल्यावर जाऊन 'आमचे साहेब भले गृहस्थ आहेत' असे सांगणे मात्र उघड्यावर करता येत नाही. पहिली गोष्ट वकिली होय. दुसरीला कोणतेही नाव द्यावे, ती वकिली नव्हे.

वजन विकत घेऊ पाहणारा निर्दोष माणूस आपलीच एक विलक्षण हानी करून घेतो. त्याला खटल्यातून केवळ सुटका नको असते. आपण ते कृत्य केले नाही हे चारचौघांत ठरावे, अशी त्याची इच्छा असते. वजनाने मिळालेला निकाल नेमकी हीच गोष्ट देऊ शकत नाही. गावाला कळतेच की साहेब कसे सुटले. ज्या शाबितीसाठी एवढा खटाटोप केला ती हातची जाते, आणि उरते ती केवळ मोकळीक, जी दोषी माणसालाही त्याच दुकानात त्याच दराने मिळाली असती. शिवाय परक्याने या बाजारात उतरणे हा शुद्ध वेडेपणाही आहे. ओळखींचा लिलाव चालू असेल तर सर्वांत कमी ओळखी असलेल्या माणसाने त्यात बोली लावू नये. तीन वर्षांसाठी आलेल्या अधिकाऱ्यापेक्षा तीन पिढ्या त्या गावात असलेल्या फिर्यादीचे वजन नेहमी अधिकच भरणार. परक्याचे हित ज्या एका गोष्टीत आहे ती म्हणजे वजनकाटा बंद राहणे.

यावर सर्वांत अवघड आक्षेप असा आहे : फिर्यादीने आधीच वजन वापरले असेल तर? समोरचा चिखल फेकत असताना आपण सोवळे नेसून बसावे काय? हा आक्षेप शाब्दिक नाही. बायको-मुले परगावी, पगार अर्धा, वर्तमानपत्रात नाव, अशा स्थितीतील माणसाला तो रात्ररात्र झोपू देत नाही. त्याला गुळगुळीत उत्तर देणे हा त्या माणसाचा अपमान होईल. न्यायालय निःपक्षपाती राहणार नाही अशी साधार भीती असेल तर खटला दुसऱ्या न्यायालयात वर्ग करण्याचा अर्ज उच्च न्यायालयाकडे करता येतो. राज्याबाहेर वर्ग करावयाचा असल्यास सर्वोच्च न्यायालयाकडे जाता येते. वरिष्ठ न्यायालयात अपील असते. हे मार्ग उघडे आहेत, पण ते लांबचे व खर्चाचे आहेत, आणि त्या वाटेने जाणारा निर्दोष माणूस कधी कधी वर्षानुवर्षे पोळतो. म्हणून येथे सदाचरणाचे फळ हमखास गोड मिळते असे म्हणता येत नाही. एवढेच म्हणता येते की फिर्यादीने लाच दिली म्हणून आरोपीनेही दिली तर न्यायालयात दोन पक्ष राहत नाहीत, दोन गिऱ्हाइके राहतात. आणि त्यानंतर तेथे जो गरीब स्थानिक माणूस उभा राहील, ज्याच्यापाशी वजन नाही आणि बदली करून घेण्याची सोयही नाही, त्याच्यासाठी आपण दर वाढवून ठेवलेला असतो. आपण तीन वर्षांनी निघून जातो. तो दर तेथेच राहतो.

या व्यवसायाच्या नियमांनी हा धोका ओळखला आहे. भारतीय वकील परिषदेच्या नियमांप्रमाणे वकिलाने जाहिरात करू नये, गिऱ्हाईक ओढू नये, आणि निकालावर अवलंबून राहणारी फी ठरवू नये. 'काम झाले तर इतके द्या' असे म्हणणारा वकील भेटला तर तो आपल्याविषयी फार मोठी गोष्ट सांगत असतो, कारण प्रामाणिक वकील श्रमांची फी घेतो आणि निकाल त्याच्या हाती नसतो. न्यायालयाच्या आवारात, रेल्वेस्थानकावर, कधी ठाण्याच्या दारातच भेटणाऱ्या दलालांविरुद्ध १८७९ च्या जुन्या कायद्यातच तरतूद होती. तो कायदा रद्द करताना २०२३ च्या दुरुस्तीने ती तरतूद अधिवक्ता अधिनियमात आणून ठेवली. सुमारे दीडशे वर्षे कायदा ज्या प्राण्याच्या मागे लागला आहे तो अजून जिवंत आहे, यात दोष केवळ दलालाचा नाही. त्याला विचारणारी आपल्यासारखी सुशिक्षित माणसे आहेत म्हणून तो आहे.

मग वकिलाशी नाते कसे असावे? त्याला खरे सांगावे. अशील आपल्या वकिलाशी जे बोलतो ते त्याच्या संमतीवाचून उघड करता येत नाही. १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यातील हे संरक्षण २०२३ च्या भारतीय साक्ष्य अधिनियमानेही कायम ठेवले आहे. वकिलाने खोटा पुरावा उभा करू नये हे खरे, आणि पुढे करावयाच्या गुन्ह्याची मसलत या संरक्षणाखाली येत नाही. परंतु आरोपी दोषी आहे असे वकिलाला स्वतःला वाटले तरी त्याने बचाव सोडू नये, कारण पुरेशा पुराव्यावाचून कोणालाही शिक्षा होऊ नये अशी मागणी करणाऱ्या कायद्याशी त्याची निष्ठा असते, असा परिषदेच्या नियमांचा आशय आहे. आपण कचेरीतील माणसे या तत्त्वाला मनातून बिचकतो. फायलीवर 'सकृद्दर्शनी दोषी' असा शेरा लिहिण्याची सवय झालेल्या हाताला, सकृद्दर्शनापलीकडे काही असू शकते हे पटत नाही. आपल्यावर पाळी येते तेव्हा मात्र तेच आपल्याला एका रात्रीत पटते. तत्त्व तेच, पुरावा तोच. बदलते ती केवळ आपली खुर्ची.

विभागीय चौकशीच्या बाबतीत हे अधिक स्पष्ट दिसते. तेथे सरकारची बाजू मांडणारा कायदेपंडित असेल किंवा वरिष्ठांनी परवानगी दिली असेल तरच नोकराला वकील देता येतो. एरव्ही त्याच मुख्यालयातील किंवा चौकशीच्या ठिकाणचा एखादा सहकारी मदतीस घेता येतो. ज्या पक्षाने स्वतः कायद्याची जाण असलेली माणसे उभी केली त्याने समोरच्याला ती नाकारणे न्यायाचे नव्हे, असे १९८३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुंबई बंदराच्या एका कर्मचाऱ्याच्या प्रकरणात सांगितले. आपल्यापैकी कितीजण आपल्या हाताखालच्या माणसाचा असा अर्ज आनंदाने मंजूर करतात, हे ज्याचे त्याने आठवून पाहावे.

यापुढची पायरी म्हणजे सारे गावच वकीलपत्र घेण्यास नकार देते ती स्थिती. ही कल्पनेतली गोष्ट नाही. कोइमतूर येथे वकील आणि पोलीस यांच्यात झगडा झाला, तेव्हा तेथील वकील संघटनेने आरोपी पोलिसांचे वकीलपत्र कोणीही घेऊ नये असा ठराव केला. सरकारी गणवेशातील माणसांनाही असा दिवस पाहावा लागतो. ६ डिसेंबर २०१० रोजी सर्वोच्च न्यायालयाने या प्रकरणात स्पष्ट केले की असे ठराव संविधानाविरुद्ध, कायद्याविरुद्ध व व्यवसायाच्या नीतीविरुद्ध असून ते शून्यवत् आहेत. मुंबईवरील नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यानंतरही दंडाधिकारी न्यायालयांतील वकिलांच्या संघटनेने जिवंत पकडलेल्या हल्लेखोराचा बचाव न करण्याचे ठरविले होते. तो संताप समजण्यासारखा होता. शहराचे रक्त वाळले नव्हते. तरीही न्यायालयाने त्याला वकील दिले, खटला चालला, आणि २९ ऑगस्ट २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने फाशी कायम केली. त्याच निकालपत्रात न्यायालयाने हेही सांगून ठेवले की आरोपीला प्रथम हजर केले जाते त्याच वेळी, वकिलाचा हक्क आणि ऐपत नसल्यास सरकारी खर्चाने वकील मिळण्याचा हक्क, हे दोन्ही दंडाधिकाऱ्यांनी त्याला समजावून सांगितले पाहिजेत. ज्या वकिलांनी लोकांचा रोष पत्करून ते काम केले त्यांनी मुंबईचा द्रोह केला नाही. त्या शिक्षेकडे सूड म्हणून कोणास बोट दाखविता येत नाही, याचे पुष्कळसे श्रेय त्यांचे आहे.

आतापर्यंत आपण स्वतःला आरोपीच्या जागी कल्पून बोललो. परंतु वस्तुस्थिती अशी आहे की आपल्यापैकी बहुतेकांचा संबंध न्यायालयाशी येतो तो दुसऱ्या बाजूने : फिर्यादी म्हणून, साक्षीदार म्हणून, खटल्यास मंजुरी देणारा अधिकारी म्हणून. या दृष्टीने सुक दास विरुद्ध अरुणाचल प्रदेश हा १९८६ चा निकाल प्रत्येक बदलीच्या अधिकाऱ्याने वाचण्यासारखा आहे. सार्वजनिक बांधकाम खात्यातील काही नोकरांनी आपल्या बदलीचे हुकूम रद्द करावेत म्हणून एका सहायक अभियंत्याला धमकी दिली, असा तो आरोप. आरोपींना गरिबीमुळे वकील देता आला नाही, त्यांनी मागितलाही नाही, आणि दोन वर्षांची कैद झाली. उच्च न्यायालय म्हणाले की त्यांनी वकील मागितला नव्हता. सर्वोच्च न्यायालयाने शिक्षा रद्द केली. ज्याला आपला हक्क ठाऊकच नाही तो तो मागणार कसा, हा त्या निकालाचा गाभा आहे. शिकलेल्या माणसाला हे इतके सोपे वाटते की ते सांगण्यास देशाचे सर्वोच्च न्यायालय लागावे याचेच नवल वाटते. पण बदलीच्या जागी आपल्यापुढे येणारा शिपाई, हजेरीपटावरील मजूर, जंगलातून लाकूड आणणारा आदिवासी, यांना ती गोष्ट कोणीतरी सांगावीच लागते. १९८७ च्या विधिसेवा प्राधिकरण अधिनियमाप्रमाणे स्त्रिया, बालके, अनुसूचित जाती-जमातींतील व्यक्ती आणि कोठडीत असलेला कोणीही माणूस, यांना उत्पन्नाची अट न लावता विनामूल्य वकील मिळू शकतो, आणि त्यासाठी जिल्ह्याजिल्ह्यात प्राधिकरणे आहेत. एवढे एक वाक्य, त्याला कळेल अशा भाषेत, आपल्या फिर्यादीने अडकलेल्या माणसाला सांगण्यास आपल्याला कोणता नियम आड येतो?

परमुलखात आपल्या बाजूला तेथलाच एक माणूस काळा कोट घालून उभा राहतो, यात फीपेक्षा मोठा असा काही अर्थ आहे. ज्या गावचे पोलीस आपल्यावर आरोप ठेवतात, ज्या गावचे लोक आपल्याविरुद्ध साक्ष देतात, त्याच गावाने आपल्यातला एक जण काढून परक्याच्या हाती दिलेला असतो, की याच्या तोंडून तू बोल. त्याच्याकडे गावाची भाषा मागावी, गावाचे ज्ञान मागावे, आणि जे उघड्या न्यायालयात सांगता येणार नाही ते मागू नये. आणि आपण फिर्यादीच्या खुर्चीवर असताना समोरच्याच्या बाजूला असाच एक माणूस उभा आहे काय, हे वळून पाहावे. नसेल तर खटल्याचा कागद पुढे सरकविण्याआधी तसे संबंधितांना कळवावे. बदलीचा हुकूम येईल तेव्हा त्या गावात आपल्यामागे राहण्यासारखी एवढी एक गोष्ट तरी असेल.